गवळण सहाण उतरली की वायर काढ

तुष्या, तू तापानं गेलास हे लोकांना पटत नाही.

साधा ताप. लावणीच्या दिवसांत आपल्याकडे दरवर्षी कुणा ना कुणाला धरतो तो, उंदरांमुळे होणारा लेप्टोचा ताप. आधी खेडला सलाईन, मग रत्नागिरीला हलवलं, डोळे पिवळे झाले, मूत्रपिंडं बसली आणि संपलं. यात गूढ काही नाही. पण तुझ्या दिवसांना आलेला जो तो मला बाजूला घेतो आणि आवाज खाली आणून विचारतो, "खरं काय झालं गो? काय करून घेतलान काय?" विचारताना त्यांच्या डोळ्यांत दुःख नसतं, भूक असते. तुझ्यासारख्या पोराचा शेवट कसा व्हायचा, हे त्यांनी तू शाळेत असतानाच ठरवून ठेवलं होतं. आणि तू चारचौघांसारखा तापानं मेलास. त्यांना फसवल्यासारखं झालंय.

शहरवाल्यांचीही तीच तऱ्हा. आपली आधीची फिल्म ज्यांनी दोन ओळींत परत पाठवली होती, त्या महोत्सवातल्या बाईंचा मुंबईहून फोन आला. इतका मऊ आवाज की पोळीला लावून खावा. म्हणाल्या, "त्याच्यावर कसलं दडपण होतं का? गावाकडून वगैरे?" मी म्हटलं, "हो, उंदराच्या मुताचं होतं." मग म्हणाल्या, "पण किती धाडसी मुलगा होता ना! त्याचा एखादा शेवटच्या दिवसांतला फोटो मिळेल?" मी फोन ठेवला आणि मोरीत जाऊन चूळ भरली.

मला रडू येत नाही, तुष्या. येते ती शिसारी. सगळ्यांची, आणि रोज नव्यानं.

आता तुझ्याबद्दल इतकं खोटं बोललं जातंय, की खरं काय ते एकदा सांगून ठेवते. तुला सगळं ठाऊक आहे, तरी ऐक.

आपण चौघं होतो. तू. मी सुजाता, मंडणगडची, बौद्धवाडीतली, मोबाईलच्या दुकानात स्पीकर दुरुस्त करणारी, जिच्या हातात तू एक दिवस रेकॉर्डर दिलास आणि म्हणालास, "सुजे, तुला जे ऐकू येतं ते बाकीच्यांना येत नाही. आजपासून साऊंड तुझा." खेडची रुबीना, लग्नांची शूटिंगं करणारी, आपल्यातला एकुलता एक बरा कॅमेरा तिचा. आणि दापोलीचा निखिल, रोपवाटिकेत आंब्याची कलमं बांधणारा, जो आपल्या शूटिंगला लाईट धरायचा, भात शिजवायचा, एसटी कधी आहे ते बघायचा आणि सगळ्यांच्या चपला जागेवर ठेवायचा. रुबीना माझी होती, आहे. निखिल तुझा होता. हे आपल्या चौघांना ठाऊक होतं, पाचव्या कुणाला नाही, असं आपण समजत होतो.

नव्या कामाच्या पहिल्या दिवशी तू नारळ फोडून गाऱ्हाणं घालायचास. देवळात मानकरी घालतात तस्सं, छाती फुगवून, डोळे मिटून. "बा देवा महाराजा! आज ह्या चार उपाशी पोरांनी कॅमेरा उचललाय!" निखिल आणि रुबीना ओरडायची, "व्हय महाराजा!" "बॅटरी उतरू देऊ नको, ढग भरू देऊ नको, आणि भर सीनमध्ये रुबीच्या अब्बाचा फोन येऊ देऊ नको रे महाराजा!" "व्हय महाराजा!" सगळ्यात मोठा आवाज रुबीनाचा. "काय चुकलं-माकलं तर पदरात घे, आणि हाती घेतलेलं काम तडीस ने रे महाराजा!" "व्हय महाराजा!"

मी गप्प उभी राहायचे. तुला ते खटकायचं. "म्हण की गो एकदा. काय झिजेल काय?"

"माझ्या आजोबांनी देव सोडले, ते तुझ्या कॅमेऱ्यासाठी मी परत आणायला नाही."

"अगं, महाराजा म्हणजे देव कुठे? महाराजा म्हणजे ऐकणारा. आणि तू तर ऐकण्याचंच काम करतेस."

"मग ऐकणाऱ्यानं मान कशाला डोलवायची?"

यावर तू दर वेळी हसायचास आणि म्हणायचास, पुढल्या फिल्मला बघू. तीन फिल्मा झाल्या, आपलं भांडण तिथंच राहिलं.

एक मात्र तू सिद्ध करून दाखवलंस. देवळासमोरच्या सहाणेवर, म्हणजे शिमग्याला पालखी बसते त्या चौथऱ्यावर, शूटिंगला गाव नको म्हणत होतं. गावमंडळाचे अध्यक्ष अण्णा तर हात जोडून नाही म्हणाले, आणि हात जोडून नाही म्हणणारा माणूस जास्त अवघड. त्या वेळी पाराखाली बसलेल्या माणसांपुढे तू सरळ गाऱ्हाणं सुरू केलंस. "बा गावदेवा महाराजा! तुझी ही लेकरं तुझ्या सहाणेवर तुझंच नमन टिपायला उभी हायत!" आणि विडी ओढणारे, तंबाखू मळणारे, सगळे एका सुरात, "व्हय महाराजा!" तिसऱ्या वेळी ते म्हणून झाल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की आपण परवानगी दिली. अण्णा तेवढे गप्प होते. परतताना तू म्हणालास, "आपली माणसं एरवी कशालाही नाही म्हणतील, पण गाऱ्हाण्याला म्हणू शकत नाहीत. तोंडाला वळणच पडलंय." आपण खेडच्या स्टँडपर्यंत हसत आलो होतो.

त्या फिल्मवर मी किती चिडले होते, आठवतं? तू नमनात, आपल्या कोकणातल्या त्या रात्रभराच्या खेळात, मिसरूड फुटण्याआधीपासून गवळण करायचास. नऊवारी, नथ, गजरा, आणि ती मान मुरडण्याची ढब. गाव शिट्ट्या मारायचं. बापये पुढे येऊन दाद द्यायचे, बाया म्हणायच्या, असली ठसकेबाज गवळण पंचक्रोशीत नाही. आणि दुसऱ्या दिवशी पँट-शर्टात तू दुकानावर गेलास, की तीच माणसं तुझ्या चालण्याची नक्कल करून एकमेकांना कोपरं मारायची. सहाणेवर जे नवसाला पावत होतं, तेच दुकानावर त्यांना विटाळत होतं. तुझी अख्खी फिल्म ह्या दोन दिवसांची होती. रात्रभराच्या नमनाची, आणि मग शेवटचा तो सीन. गवळण सहाण उतरते, पण साडी सोडत नाही. काल रात्रीचा रंग तोंडावर तसाच ठेवून सकाळच्या एसटीनं खेडच्या बाजारात जाते आणि बांगडे घेते.

बस, एवढंच. मासळीवाली तिला बघते, टोपलीतले बांगडे उलटेपालटे करून दाखवते आणि म्हणते, "ताजे हायत, बघून घे. आनि पदर सांबाळ, पान्यात जातोय." आपण तिला एक वाक्य पढवलेलं नव्हतं.

मी म्हटलं होतं, "यात घडत काहीच नाही." तू म्हणालास, "तेच तर घडतंय."

खरं भांडण पुढं होतं. मी म्हणत होते, आधी बाहेर दाखवू, चार ठिकाणी नाव होऊ दे, मग गाव. तू हटून बसलास. "आधी गाव." मी म्हटलं, "खातील तुला." तू म्हणालास, "खाऊ देत. पण माझ्यासमोर खाऊ देत." मी तुला मूर्ख म्हटलं, तू मला भित्री म्हणालास, आणि मग तुला ताप आला.

आणि गावानं काय केलं, ऐक.

तेराव्यानंतरच्या रविवारी संध्याकाळी अण्णांनी सहाणेसमोर तुझी श्रद्धांजली सभा ठेवली. "गावचा कलावंत." मेल्या म्हशीला मणभर दूध! हा मोठा बॅनर. त्यावर तुझा फोटो, पण काहीतरी चुकत होतं, आणि जवळ गेल्यावर कळलं. तुझ्या उजव्या कानातली बाळी त्यांनी पुसून घेतली होती. कानाच्या पाळीच्या जागी नुसता मेणासारखा डाग. तुला जाळून झालं होतं, तरी त्यांचं तुला सारखं करणं संपलं नव्हतं.

तुझी फिल्म दाखवायची ठरली. अण्णा मला म्हणाले, "फिलम लावा, आमचं काय म्हननं नाय. नमन आमच्या गावाचं हाय. फक्त शेवटचं ता बाजारातलं नको. आयाबाया असतात. तुमी कशाला तरास घेता, आमी आमचं बरोबर बंद करू." रुबीनाचं म्हणणं, पूर्ण दाखवायची नाहीतर लॅपटॉप घेऊन परत फिरायचं. निखिल म्हणाला, "त्याला गावातच दाखवायची होती." त्यावर रुबीनानं लॅपटॉप उघडला.

मला लॅपटॉपपाशी बसू दिलं नाही. तुझ्या काकूनं माझा दंड धरून मला पुढल्या रांगेत, घरच्या बायकांत नेऊन बसवलं. मला वाटलं, चूक झाली असेल. मग तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि शेजारच्या चार जणींना ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाली, "तुमचं ठरलेलं व्हतं ना गो? आमाला बोल्लीव असतीव, तर आमी काय नको बोल्लो असतो? जात कोन बघतो आता!"

कळलं तुला? त्यांनी माझं लग्न लावून दिलं तुझ्याशी. पोरगा "तसा" नव्हता, त्याचं एका मुलीशी जमलं होतं, हे सांगायला त्यांना एक मुलगी हवी होती, आणि मी आयती सापडले. सभेआधी मला आत नेऊन चहा दिला. आत, थेट चुलीपाशी! तुझ्या घरी मी किती वर्षं येत होते, माझा कप कायम पडवीत यायचा. तूही तुझा कप घेऊन माझ्याशेजारी पडवीत बसायचास, आणि मी विचारलं की म्हणायचास, "आईला हळूहळू सांगतो." त्याचा मला राग होता, अजून आहे. तुला जे जमलं नाही ते तुझ्याविषयीच्या एका थापेनं क्षणात करून टाकलं. म्हणजे बघ, बौद्धवाडीतली सून चालेल, पण मुलगा मुलावर जीव लावणारा चालणार नाही. दोन घाणींतली कुठली मोठी, एवढाच त्यांच्यापुढं प्रश्न होता, आणि त्यांनी तो सोडवला. मागं वळून पाहिलं तर लॅपटॉपपाशी रुबीना तोंडावर ओढणी दाबून बसली होती. ती हसत होती की तिला ओकारी आली होती, हे तिचं तिलाही सांगता येत नाही.

आणि निखिल? तुझ्या उशाशी जो रात्रंदिवस बसून होता, ज्यानं तुझं तोंड पुसलं, ज्याच्या हातात तुझा हात होता? तो प्रोजेक्टरची वायर ओढून आणत होता. अण्णांना वाटलं मांडववाल्याचा माणूस. म्हणाले, "ए, तू हितंच थांब, बोर्डाजवल. गवलन सहान उतरली की वायर काढ. बरोबर ध्यान ठेव." तुझी आई पुढे बसली होती, तिच्यासमोर तमाशा नको म्हणून तो बोर्डापाशी उभा राहिला.

फिल्म लागली. तू नाचलास. गाव पुन्हा शिट्ट्या मारायच्या बेतात होतं, सभा आहे म्हणून आवरलं. माझ्या मागं कुणीतरी हुंदका दिला आणि म्हणालं, "काय गवलन करायचा!" मग तू घुंगरू सोडलेस, साडी सावरलीस आणि सहाणेच्या पायरीवर पाय ठेवलास. निखिलनं वायर काढली.

ज्याच्यावर तुझा जीव, त्याच्याच हातानं तुला पुसून घेतलं त्यांनी. आणि त्यांना ते माहीतही नव्हतं. माझ्या आयुष्यात मी इतकं घाणेरडं काही पाहिलेलं नाही.

लॅपटॉप बॅटरीवर होता. रुबीनानं पटकन बोट दाबून तुला तिथंच थांबवलं, एक पाय पायरीवर.

अण्णा बोलायला उभे राहिले. तू संस्कारी होतास. तू व्यसनापासून दूर होतास, हे तुझ्या मागल्या खिशातली तंबाखूची पुडी ठाऊक असलेल्या माणसानं सांगितलं. "येत्या वर्सात त्याचा संसार मांडायचा व्हता, पन देवाच्या मनात नव्हतं," असं म्हणून त्यांनी माझ्याकडे हात केला. शंभर माना वळल्या. मी उठणार होते, तुष्या. खरंच उठणार होते, ओरडणार होते. पण माझ्याआधी तुझी आई उठली.

तुला वाटलं असेल, रडायला. अण्णांनाही तसंच वाटलं, त्यांनी माईक बाजूला घेतला. ती माईककडे गेलीच नाही. देवळाकडे तोंड केलं, पदर डोक्यावरून घेतला आणि हात जोडले. आमच्या सगळ्यांच्या देखत एका विधवा बाईनं सहाणेपुढं गाऱ्हाणं घातलं. ते काम मानकऱ्यांचं, बापयांचं. कुणी अडवायच्या आत तिचा आवाज लागला, आणि आवाज तुझाच होता. किंवा तुझा तिचा होता.

"बा गावदेवा म्हाराजा! आज तुज्या सहानेवर बायामानसं, पोरंसोरं जमली हायत!"

"व्हय महाराजा!" गाव म्हणालं. तोंडाला वळण पडलेलं.

"माजा तुषार तुज्याम्होरं साडी नेसून नाचला. तू त्याला कंदी हटकला नायस!"

"व्हय महाराजा!"

"त्याचं लगीन ठरलेलं नव्हतं. ही पोर त्याची बायको व्हनार नव्हती, त्याची मैतरीन हाय. तिला मी पडवीत चाय दिली, ता माजं चुकलं. पदरात घे रे म्हाराजा!"

"व्हय..." इथं आवाज अडखळला. काकूचा हात माझ्या दंडावरून गळून पडला. पण मागल्या रांगेतल्या म्हाताऱ्यांना कमी ऐकू येतं, त्यांना फक्त "म्हाराजा" ऐकू गेलं, आणि त्यांनी दणक्यात म्हटलं, "व्हय महाराजा!"

"माज्या पोराचं मानूस तो थितं वायर धरून उबा हाय. त्यानं माज्या पोराला शेवटपर्यंत सांबाळलान. त्याला माजं घर बंद करू नको रे म्हाराजा!"

म्हातारे पुन्हा, "व्हय महाराजा!" आणि त्यांच्या पाठोपाठ, सवयीनं, अर्धं गाव. मी निखिलकडे पाहिलं. त्यानं भिंतीला टेकून डोळे मिटले होते.

"आनि त्याचं काम मधीच तोडलंय, ता तडीस ने रे म्हाराजा!"

हे वाक्य आलं की कुणीच थांबत नाही, तुला ठाऊक आहे. अख्ख्या गावानं म्हटलं, "व्हय महाराजा!"

मी मात्र ते म्हटलं नाही. तुझ्यासाठीही नाही. तुझी आई हात सोडून माझ्याशेजारी येऊन बसली, मला म्हणाली, "निकलला सांग, लाव." तिनं त्याचं नाव कधी नीट घेतलेलं नाही, पण नाव तिला माहीत होतं. म्हणजे पाचवं माणूस होतं, तुष्या. तू हळूहळू सांगणार होतास, आणि ती केव्हाची वाट बघत होती की काय, कोण जाणे. तू असं कसं रे केलंस तिच्याशी?

निखिलनं वायर लावली. पडदा आधी निळा झाला, मग तू आलास, पायरीवर पाय ठेवलेला. अण्णा चपला शोधत उठले. त्यांच्यामागून काही बापये गेले. बाकीचे बसून राहिले, बहुतेक काय करावं ते न सुचून. तू पायरी उतरलास, एसटीत बसलास, खेडला आलास. तोंडावरचा रंग ओघळलेला, नथ तिरकी. आता कुणीतरी दगड मारेल, शिवी देईल, पडदा फाडेल, याची मी वाट बघत होते.

"पदर बग कसा घेतलान," तुझी आई म्हणाली. "सांगून सांगून दमले."

मासळीवालीनं टोपलीवरचा पाला काढला. आणि मागून एक बाई म्हणाली, "गो, ही भरणे नाक्यावरची कुसुम नाय?" दुसरी म्हणाली, "तीच ती. मेली एक बांगडा शिला घालते." बाया हसल्या. कुणीतरी बांगड्यांचा भाव विचारला. तू बांगडे पिशवीत घातलेस, पदर खोचलास आणि बाजारातून चालत गेलास. नावं आली. लोक उठले, खुर्च्या सरकवल्या, शेवटच्या एसटीचं बघू लागले.

काहीच घडलं नाही, तुष्या. तू म्हणत होतास तेच. भांडणात तू जिंकलास, घे.

आणि त्याच घडीला मला सगळ्यात जास्त किळस आली. बाळी पुसली तेव्हा नाही, मला सून केलं तेव्हाही नाही. एवढंच तर मागत होतास तू त्यांच्याकडे. साडी नेसून आलास तर कुणी बांगड्यांचा भाव विचारावा. त्यांच्याजवळ ते होतं, रे. पहिल्यापासून होतं. तू जिवंत होतास तोवर त्यांनी ते दिलं नाही.